निवळ पाणी आणि तुसाचे मडके

दोन वर्षांपूर्वी भाताच्या मुलखातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. नववीतल्या एका मुलाने वाळू, कोळसा आणि खडी यांचे थर रचून गाळणे केले होते. वरून गढूळ पाणी ओतले, खालून स्वच्छ पाणी आले. त्याने ते पेल्यात धरून मोठ्या अभिमानाने मला दिले, ''सर, शुद्ध पाणी. घ्या ना!''

मी घेतले नाही. मुलगा हिरमुसला, पण पाणी निवळले म्हणजे शुद्ध झाले, हा समज इतका खोलवर रुजलेला आहे की त्याला दोष तरी कसा द्यावा? आपल्याकडे तुरटी फिरवतात, निवळीचे बी उगाळून घालतात, चारपदरी फडक्यातून पाणी गाळतात. या सगळ्याने गाळ बसतो. डोळ्यांना न दिसणारे सगळे जंतू मात्र त्याने जात नाहीत.

मग त्या मुलाने काय करायला हवे होते? माझे मत असे, की त्याने आपल्या गावच्या कुंभाराकडे आणि भातगिरणीकडे जायला हवे होते.

माठाखालची ताटली ओली का होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. माठाची भिंत सच्छिद्र असते. ही छिद्रे हवी तेवढी आणि हवी तशी करता आली, तर माठच गाळणे होईल! ग्वातेमालामधील रसायनतज्ज्ञ फर्नांडो मझारिएगोस यांनी 1981 साली हेच केले. मातीत लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस दळून, चाळून मिसळायचे, साच्यात दाबून कुंडीसारखे भांडे करायचे, सावलीत वाळवायचे आणि सुमारे 800 ते 900 अंश सेल्सिअसला भाजायचे. तूस जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळी उरते. अशा पोकळ्यांना जोडणाऱ्या बारीक वाटांतून पाणी झिरपते. या वाटा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापाच्या असतात. बहुतेक जीवाणू याच मापाचे, त्यामुळे ते वाकड्यातिकड्या वाटेत अडकतात. वर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा हात दिला, की भांड्यात जंतूंची वाढ होत नाही. 1998 साली मिच नावाच्या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत हाहाकार उडवला, तेव्हा निकाराग्वात रॉन रिव्हेरा या कुंभाराने ही भांडी मोठ्या प्रमाणावर करवून घेतली आणि पुढे अनेक देशांत तशा कार्यशाळा उभ्या राहिल्या.

कंबोडिया आपल्या कोकणासारखा आणि भंडारा-गोंदियासारखा भाताचा देश. तिथे ही भांडी तुसाचीच करतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या पाहणीत, ज्या घरांत ही भांडी वापरात होती तिथे अतिसाराचे प्रमाण सुमारे 46 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र त्याच पाहणीत असेही दिसले, की दर महिन्याला सुमारे 2 टक्के भांडी वापरातून जात होती, आणि बहुतेक वेळा कारण एकच : भांडे फुटले. मला हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. फुटलेले भांडे बदलून देणारा कुंभार जवळ नसेल, तर फुकट वाटलेली हजार भांडी चार-पाच वर्षांत अडगळीत जातील. म्हणून भांडी बाहेरून आणून वाटण्यापेक्षा ती गावाजवळ घडावीत, या मताचा मी आहे.

आपल्याकडे तुसाचा विचार झालेला नाही असे नव्हे. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते आणि त्याची राख बरीचशी सिलिकाची. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राने या राखेचे 'सुजल' नावाचे गाळणे तयार केले होते. 2004 च्या त्सुनामीनंतर ते आपत्तिग्रस्तांना देण्यात आले.

आता तुम्ही म्हणाल, मग अडले कुठे? अडते ते तपासणीपाशी. तूस जास्त झाले तर पाणी भराभर येते, पण जंतूही येतात आणि भांडे ठिसूळ होते. कमी झाले तर थेंब थेंब गळते आणि घरातली माणसे कंटाळून पुन्हा हंड्याकडे वळतात. उघड्या आव्यात उष्णता सगळीकडे सारखी लागत नाही. एखादे भांडे फोडून पाहा, भिंतीच्या आत काळा पट्टा दिसला तर तूस पुरते जळलेले नाही असे समजा. म्हणून चांगल्या कार्यशाळेत प्रत्येक भांडे पाण्याने भरून तासाला किती लिटर झिरपते ते मोजतात. साधारण एक ते तीन लिटर ठीक, त्याहून जास्त असेल तर भांडे फोडून टाकतात. ''गरिबांसाठीच तर आहे, चालेल'' असे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याच्या घरी दुसरा उपाय नाही, त्याचे भांडे तर अधिक काटेकोरपणे तपासले पाहिजे.

आणि मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. 1892 साली इवानोव्हस्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळण्यातून गाळला, तरी तो रोग पसरवीतच राहिला. विषाणूंच्या शोधाची सुरुवात अशी मातीच्या गाळण्याच्या अपयशातून झाली! आपले मडकेही विषाणूंना पुरतेपणी अडवीत नाही. विरघळलेले फ्लोराइड तर मुळीच नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडयुक्त विहिरींना या मडक्याचा उपयोग नाही.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की भांडे कर, पण त्यातले पाणी पिऊ नकोस, आधी तपास. 1982 साली भारतीय शास्त्रज्ञांनी एक सोपी परीक्षा सुचवली आहे. औषध लावलेल्या कागदाच्या पट्टीची बाटली पाण्याने भरून उबदार जागी ठेवायची. पाणी दूषित असेल तर एक-दोन दिवसांत आतला रंग काळा होतो. विज्ञानाच्या शिक्षकांना या बाटल्या मिळवणे अवघड नाही.

दिवाळीनंतर त्याचे पत्र आले. कुंभारकाकांनी तीन भांडी करून दिली होती. दोन बाटल्या जशाच्या तशा राहिल्या, तिसरी काळी झाली. ''सर, तिसऱ्या भांड्याच्या बुडाशी केसासारखी चीर निघाली. पाणी मात्र तिन्हींचे सारखेच निवळ दिसत होते.''