ऐकण्याची वहिवाट

सावरगावचे नाव वर्तमानपत्रांत वर्षातून एकदा हमखास छापून येते, आणि ते गोटमारीपायी येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण चढवले जाते, एका तीरावरून पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या तीरावरून सावरगावचे लोक परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात, दिवस मावळेपर्यंत जखमींचा आकडा सरकारदरबारी रुजू होतो आणि दुसऱ्या दिवशी तो अवघ्या मुलखाला कळतो. मात्र त्याच्या आदल्या सायंकाळी, तोरणाखाली सजलेल्या बैलजोड्या उभ्या असताना, एकाने खड्या आवाजात म्हटलेल्या झडतीवर, म्हणजे पोळ्याच्या कवनावर, दुसऱ्याने तितक्याच खड्या आवाजात केलेली कुरघोडी, किंवा पुढे भाद्रपदी पौर्णिमेला सुरू होऊन कोजागिरीपर्यंत दोन्ही तीरांवरच्या अंगणांत चालणारी भुलाबाईची गाणी, यांची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

ही गाणी नदी ओलांडतात ती लग्नाच्या वाटेने. गोटमारीच्या आख्यायिकेत एका तीरावरचा तरुण दुसऱ्या तीरावरच्या मुलीला पळवून नेतो आणि भर पात्रात त्या दोघांवर दगड बरसतात; प्रत्यक्षात दोन्ही तीरांच्या सोयरिकी सुखाने जुळतात, वाजतगाजत वराती येतात, आणि येणारी प्रत्येक सून आपल्या माहेरचा एखादा पाठभेद बरोबर घेऊन येते. गेल्या कोजागिरीला शेजारच्या ओसरीवर टिपऱ्या बाजूला ठेवून मुली गोल करून बसल्या होत्या, खाऊचा झाकलेला डबा कानाशी खुळखुळवून आत चिवडा आहे की मुरमुऱ्याचे लाडू याचा तर्क चालला होता, आणि तिकडे चुलीजवळ दोन प्रौढ स्त्रिया, गाण्यातल्या रुसून माहेरी गेलेल्या सासुरवाशिणीला आणायला आधी सासरा जातो की दीर, या प्रश्नावर मोठ्या हिरिरीने भांडत होत्या. एकीने आपल्या आईचा दाखला दिला, दुसरीने आपल्या आजीचा. निकाल काही लागला नाही. पण गाणे नुसते म्हणून न थांबता, ते आपणास कोणाकडून मिळाले आणि आपण ते तसेच का म्हणतो, याचा पुरावा दोघींनीही पंचांपुढे ठेवावा तसा ठेवला, आणि भोवतीच्या मुलींनी तो डबा विसरून ऐकला.

महसुलाच्या व्यवहारात एखादी पायवाट नकाशावर नसली तरी पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिच्यावरून येत-जात असली की तिचा हक्क शाबीत होतो, आणि जाणे-येणे खुंटले की तो हक्कही कालांतराने बुडतो. वहिवाटीचा हा न्याय गाण्यांनाही लागू आहे असे माझे मत आहे. आमच्या मुलखात तर तो विशेषच लागू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला, आणि घराघरांत मराठी बोलणाऱ्या सौंसर-पांढुर्णा भागाचा सरकारी कारभार हिंदीत स्थिरावला. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी कचेरीतल्या मिसलीची भाषा तीच राहिली. याबद्दल तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. हिंदी आम्हांस परकी नाही. परंतु ज्या भाषेला शाळेच्या पाटीचा आणि अर्जाच्या कागदाचा आधार कमी, तिच्यातल्या गाण्यांना माणसाच्या तोंडाखेरीज दुसरा आश्रय उरत नाही, आणि म्हणून आपण सध्या काय ऐकतो आहोत व का ऐकतो आहोत हे शेजाऱ्यास सांगणे ही इतर ठिकाणी हौसेची बाब असली तरी सीमेवरच्या माणसाच्या बाबतीत ती वाट पायाखाली ठेवण्याची क्रिया होते.

नभोवाणीच्या काळात या सांगण्याला एक देखणी रीत होती. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले; पुढे आमच्या आणि नागपूरच्या मध्ये राज्याची हद्द पडली, पण ध्वनिलहरींना जकातनाका नसतो, त्यामुळे तिकडचे मराठी गाणे इकडच्या ओसरीवर येतच राहिले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती आली आणि पत्राने फर्माईश पाठवण्याचे वेड देशभर पसरले. बिहारातले (आता झारखंडातले) झुमरीतलैया हे आडवाटेचे गाव तर केवळ फर्माईशींच्या पत्रांमुळे घरोघर ठाऊक झाले. गाणे लागण्यापूर्वी निवेदक ते मागणाऱ्यांची नावे व गावे सावकाश वाची, आणि तेवढा वेळ घरातली सारी मंडळी श्वास रोखून बसत. वस्तुतः ते गाणे त्या आठवड्यात कधी ना कधी लागणारच असे. तरीही माणसे पोस्टकार्डाचे पैसे खर्च करीत, ते अमुक गावच्या अमक्या माणसाला हे गाणे सर्वांनी ऐकावेसे वाटते, एवढी गोष्ट जाहीर व्हावी म्हणून.

याला विरुद्ध असा एक पक्ष आहे आणि तोही तुच्छ नाही. गाणे ही अंतःकरणाची खाजगी मिळकत आहे, ती चव्हाट्यावर मांडली की तिचे तेज उतरते, असे मानणारी माणसे मी पाहिली आहेत. आपल्या गायकीच्या घराण्यांतील अनेक उस्तादांनी तर अस्सल चिजा शिष्यांपासूनही वर्षानुवर्षे झाकून ठेवल्या. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी आपली वकिली बाजूला सारून देशभर भ्रमंती केली, कोणाची मनधरणी करून, कोणाचे शिष्यत्व पत्करून त्या चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकमालिकेत छापून कोणाही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. छापील चिजेत गायकाचा गळा येत नाही, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खरा आहे. पण झाकून ठेवलेल्या किती चिजा उस्तादांबरोबर मातीआड गेल्या, याचा हिशेब त्या पक्षाने कधीच दिला नाही.

तेव्हा मी माझ्यापुरता हिशेब देतो. सध्या मी कुमार गंधर्व ऐकतो आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला, लहानपणीच कीर्तीच्या शिखरावर चढलेला हा गायक क्षयाने ग्रासलेला असताना १९४८ च्या आरंभी माळव्यातल्या देवासला आला. गाणे वर्ज्य झाले, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या वर्षांत, ज्याला स्वतःचा आवाज लावण्याची मुभा नव्हती, त्याने रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची आणि निर्गुणी भजने गाणाऱ्या भिक्षेकऱ्यांची गीते कान देऊन ऐकली. बरे झाल्यावर त्याने ते ऐकलेले स्वतःपाशी ठेवले नाही. माळव्याच्या लोकधुना त्याने मैफलीत मांडल्या, त्यांतून उगम पावलेले संजारी, मालवती यांसारखे राग गायिले, आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात आपल्या बंदिशी स्वरलिपीत बांधून सर्वांपुढे ठेवल्या. त्याचा स्वर मध्येच तुटतो, तान विजेसारखी निघून क्षणात थांबते, आणि त्या थांबण्यात त्याच्या दुबळ्या फुफ्फुसाची सक्ती कोठे संपते व कलावंताची मर्जी कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. पण मी त्याला ऐकतो ते मुख्यतः अशासाठी की, परमुलखात येऊन राहिलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या भाषेतले गाणे कसे ऐकावे याचा इतका थोर वस्तुपाठ आमच्याच राज्यात दुसरा नाही.

त्याच्या जोडीला तुकडोजी महाराजांची भजने आहेत. यावलीस १९०९ साली जन्मलेल्या आणि मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या या संताने केवळ एका खंजिरीच्या साथीवर गावेच्या गावे जागी केली, आणि भजने लिहिली ती मराठीत व हिंदीतही. आमच्याकडील भजनी मंडळात ती दोन्ही भाषांतली भजने एकामागून एक होतात. मराठी शाळेचे तोंड न पाहिलेला नातू आणि हिंदीत अर्ज लिहिता न येणारी आजी एकाच पंगतीत बसून तीच टाळी देतात, आणि कोणती भाषा कधी संपली याकडे कोणाचे लक्षही जात नाही. ही भजने मी का ऐकतो, याचे एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

एवढे सारे मी एकदा माझ्या भाच्याला ऐकवले. तो संत्र्यांच्या हंगामात ट्रक घेऊन रात्री-अपरात्री दूरच्या मंड्यांकडे जातो. त्याने शांतपणे ऐकून घेतले, मग खिशातून भ्रमणध्वनी काढला आणि म्हणाला, “मामाजी, आता माह्यं बी आयका. हे गानं गाडीवर लावतो मी, पहाटं डोये मिटत नाही याच्यानं.” ते गाणे म्हणजे ढोलांचा एक अखंड गदारोळ होता, ते मला त्या वेळी आवडले नाही आणि आजही आवडत नाही. परंतु घाटातल्या वळणावर, मागे दहा टन फळे आणि पुढे काळोख असताना ते गाणे त्याच्या कोणत्या कामाचे आहे, हे त्याने सांगितल्यावर मी ते शेवटपर्यंत ऐकले, आणि त्यानेही घरी जाताना एका मालवतीचे नाव लिहून नेले. आवडी जुळाव्यात अशी अट या व्यवहारात घालू नये. कारण सांगावे आणि दुसऱ्याचे कारण ऐकून घ्यावे, एवढी एकच अट पुरे.