कैद्याचा चेहरा कशाला हवा?

‘तो व्हिडिओ बाहेर आला म्हणूनच अभिनंदन सुटला.’ बोळिंज नाक्यावर युद्धाच्या गप्पा रंगल्या की हे वाक्य हमखास येतं आणि सगळे माना डोलावतात. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान 27 फेब्रुवारी 2019 रोजी पाकिस्तानच्या हाती लागले, 1 मार्चला वाघा सीमेवरून परतले. मधल्या वेळात जगाने काय पाहिलं? जमावाची मारहाण, डोळ्यांवर पट्टी, रक्ताळलेला चेहरा आणि मग हातात चहाचा कप. चहा छान आहे, असं त्यांच्याच तोंडून वदवलं. पहाऱ्यात उभा असलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

कैदी जिवंत आहे हे कळायलाच हवं, यात वाद नाही. त्यासाठी कॅमेरा लागत नाही. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं 70वं कलम सांगतं, की छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरच्यांना आणि रेडक्रॉसकडे कार्ड पाठवू द्यावं. पाकिस्तानने पकडलेले पालघर किनाऱ्यावरचे मच्छीमार युद्धकैदी नसतात. तरी त्यांच्या याद्या भारत-पाकिस्तान 2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांना देतात. त्याच जिनिव्हा कराराचं 13वं कलम कैद्याला मारहाणीपासून वाचवतं, तसं बघ्यांच्या कुतूहलापासूनही.

इराकमधल्या अबू घरेब या अमेरिकी तुरुंगातले फोटो 2004 मध्ये फुटले नसते तर तिथला छळ दडपला गेला असता, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. मान्य. पण छळ सिद्ध करायला कैद्याचा चेहरा ओळखू यावा लागत नाही. तो झाकूनही फोटो छापता येतो.

‘त्यांनी केलं, मग आपण का नको?’ याला 13व्या कलमातच उत्तर आहे : कैद्यांवर सूड उगवायला मनाई. मार्च 2003 मध्ये इराकने पकडलेले अमेरिकी सैनिक टीव्हीवर दिसताच अमेरिका खवळली. डिसेंबरात तिनेच पकडलेल्या सद्दाम हुसेनला तोंड उघडायला लावून दात तपासतानाचं चित्रण जगाला दाखवलं.

आणखी एक बचाव : करार सरकारांना बांधतो, आम्हा माध्यमांना, लोकांना नाही. अक्षरशः खरं. पण 2019 मध्ये आपलं परराष्ट्र खातं त्या प्रदर्शनाचा निषेध करत होतं, आणि आपलेच लोक त्याच फिती पुढे पाठवत होते, चहाच्या कपावर मीम बनवत होते. शत्रूच्या प्रचाराला फुकटचे वितरक मिळाले.

आणि जेत्याचा हक्क म्हणाल, तर वसईचा विजय आठवा. वेढ्यात मराठ्यांची अपार हानी झाली होती, तरी मे 1739 च्या तहात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, निशाण फडकावत, वाजतगाजत बाहेर पडू दिलं. आजच्या संपादकाकडून एवढीही अपेक्षा नाही. चेहरा धूसर करा, घरच्यांना कळल्याशिवाय नाव देऊ नका, आणि कैद्याने कॅमेऱ्यापुढे म्हटलेलं वाक्य मथळ्यात घेऊ नका.