चावी हाती देण्यापूर्वी

दसऱ्याला आणि पाडव्याला मोटारींच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. हार, नारळ, पेढे, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, सगळ्या कुटुंबाचा फोटो. पहिली गाडी घेणाऱ्या घराचा तो मोठा आनंदाचा दिवस, आणि तो तसाच साजरा व्हावा. तक्रार आहे ती वेगळी. त्या गर्दीत गाडीची स्मार्ट चावी ग्राहकाच्या हातात पडते, पण ती कशी चालते हे त्याला धड कोणी सांगत नाही.

चावी खिशात ठेवा, हँडलवरचे बटण दाबा, दार उघडेल. ब्रेकवर पाय ठेवून स्टार्टचे बटण दाबा, इंजिन सुरू होईल. विक्रेत्याचे सांगणे इथे संपते. अडचणीच्या वेळी लागणारे बाकी सगळे डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात असते, आणि ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बहुधा कधी बाहेरच येत नाही.

चावीतला सेल नाण्याएवढा असतो आणि तो कधी ना कधी उतरतोच. रात्री उशिरा, पावसात, मुलेबाळे बरोबर असताना हँडल ओढून दार उघडले नाही की माणसे हवालदिल होतात. मेकॅनिकला फोन जातो, कोणी टोचनची गाडी बोलावते, कोणी काच फोडायला निघते. वास्तविक इलाज हातातच असतो. चावीच्या कडेला एक लहानशी खिटी असते; ती सरकवली की आतून साधी धातूची चावी निघते. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलपाशी कुलपाचे भोक असते. काही गाड्यांत ते प्लॅस्टिकच्या टोपणाखाली झाकलेले असते. दार असे उघडल्यावर काही गाड्यांचा भोंगा वाजतो, त्याला घाबरू नये. आत बसून ब्रेक दाबायचा, चावी स्टार्टच्या बटणाला टेकवायची आणि बटण दाबायचे. काही गाड्यांत चावी टेकवायची जागा वेगळी असते, ती आधीच पाहून ठेवावी. सेल मेलेला असूनही इंजिन सुरू होते, कारण चावीत आणखी एक बारीक चिप असते आणि तिला लागणारी वीज गाडीच जवळून पुरवते. हे शिकवायला पाच मिनिटे पुरतात.

दुसरी गोष्ट याहून सहज घडणारी. नवरा गाडी चालवत स्टेशनवर येतो, उतरतो, बायको स्टिअरिंगवर बसते; चावी मात्र नवऱ्याच्या खिशातून थेट पुण्याच्या गाडीत चढते. मोटार बीप करून इशारा देते, पण इंजिन बंद पडत नाही, आणि चालत्या गाडीत ते अचानक बंद पडू नये हे योग्यच आहे. मात्र घरी पोचून एकदा बंद केले, की पुन्हा सुरू होत नाही.

चालती गाडी आवरेनाशी झाली तर काय करायचे, हे तर कोणी सांगतच नाही. 2009 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ वर्कशॉपने तात्पुरत्या दिलेल्या एका लेक्सस गाडीत पायपुसण्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर अडकला आणि चौघांचा जीव गेला. त्या गाडीचे इंजिन चालत्या स्थितीत बंद करायला बटण तीन सेकंद दाबून धरावे लागत असे. आपल्या गाडीत ते किती वेळ दाबायचे, हे किती मालकांना ठाऊक आहे?

चोरीचेही तेच. चावी आणि गाडी यांचे रेडिओ लहरींवर बोलणे चालते आणि चावी मीटरभर अंतरात असली तरच कुलूप उघडावे, अशी योजना असते. एक चोर घराच्या दारापाशी आणि दुसरा गाडीपाशी उभा राहून मधल्या यंत्राने त्या लहरी पुढे पोचवतो. गाडीला वाटते, चावी शेजारीच आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्येच हे दाखवून दिले होते: आठ कंपन्यांच्या दहा मोटारी तपासल्या, दहाही उघडल्या. लहरीला जाऊन-येऊन किती वेळ लागला हे मोजून अंतर ओळखणारी चाव्यांची नवी रचना आता महागड्या गाड्यांत येत आहे. ती स्वस्त गाड्यांतही आली पाहिजे. तोवर चावी दारालगतच्या खुंटीवर अडकवू नये, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी. आणि डबा कामाचा आहे की नाही, हे तो गाडीजवळ नेऊन, हँडल ओढून एकदा पाहावे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गाडी ताब्यात देताना ज्या कागदावर ग्राहकाची सही घेतात, त्यात हेही कलम असावे: सेल उतरल्यावर दार उघडून आणि इंजिन सुरू करून ग्राहकाने स्वतः पाहिले, तातडीने इंजिन बंद कसे करायचे ते त्याला समजावले. एका पानाची सूचना मराठीत छापून चावीबरोबर द्यावी. मुहूर्ताच्या दिवशी वेळ नसेल तर आदल्या दिवशी बोलवावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांना शोरूमही नसते, कागदही नसतो. त्यांनी दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात आणि एकच मिळाली, तर सौदा पुरा करण्याआधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन हरवलेल्या चावीची नोंद गाडीच्या संगणकातून काढून टाकावी.