वनवास कोणाचा?

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत ‘वनवास’ हा शब्द फार सहज वापरला जातो. गणपतीच्या भाषणात तो येतो, दिवाळीच्या फराळाच्या रांगेतही येतो. या शब्दाला आमचा आक्षेप आहे. तो का, हे सांगण्यासाठी एका वादकाच्या आयुष्याचा आधार घ्यावासा वाटतो.

पाब्लो कासाल्स हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. ते चेलो वाजवीत. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचा. कासाल्स यांचा जन्म १८७६ साली स्पेनमधल्या कॅटलोनियात, एल व्हेंड्रेल या गावी झाला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. मुलाने सुतारकाम शिकावे असे त्यांना वाटे. आईने मात्र हट्टाने त्याला संगीत शिकायला बार्सिलोनाला नेले. तिथल्या एका दुकानात, वयाच्या तेराव्या वर्षी, बाखने चेलोसाठी लिहिलेल्या सहा रचनांची प्रत त्याच्या हाती लागली. त्या काळी या रचना म्हणजे सरावाचे धडे समजले जात. या मुलाने त्यांचा बारा वर्षे रियाज केला आणि मगच त्या लोकांसमोर वाजवल्या. त्यांचे ध्वनिमुद्रण त्यांनी १९३६ ते १९३९ या काळात केले, तेव्हा ते साठीचे होते. आज चेलोवादकांना या रचना वेदासारख्या वाटतात, याचे मोठे श्रेय कासाल्स यांचे.

याच तीन वर्षांत स्पेनमध्ये यादवी युद्ध चालले होते. ते जिंकून फ्रँको हुकूमशहा झाला. कॅटलन भाषा शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार झाली. लोकशाही सरकारच्या बाजूने उभे राहिलेले कासाल्स १९३९ साली सरहद्द ओलांडून फ्रान्समधल्या प्राद या लहानशा गावी राहिले. आसपासच्या छावण्यांत हजारो स्पॅनिश निर्वासित हाल काढीत होते. जगात कीर्ती मिळवलेला हा कलावंत टेबलाशी बसून ओळखीच्या माणसांना पत्रे लिही, पैसे नि कपडे मागवी आणि छावण्यांत पोचवी.

१९४५ साली महायुद्ध संपले, पण फ्रँको राहिलाच. इतर देशांनी त्याच्याशी जमवून घेतले. तेव्हा कासाल्स यांनी ठरवले, फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत आपण वाजवायचे नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने देऊ केलेल्या मानद पदव्याही त्यांनी नाकारल्या. त्यांची मैफल ऐकायची तर लोकांनाच त्यांच्याकडे जावे लागले. १९५० साली, बाखच्या दोनशेव्या स्मृतिवर्षात, नामवंत वादक प्रादला जमले आणि तिथल्या चर्चमध्ये महोत्सव झाला. १९६१ साली केनेडींबद्दलच्या आदरापोटी ते व्हाइट हाउसमध्ये वाजवायला गेले. अमेरिकेचे फ्रँकोशी संबंध होते, त्यामुळे हा त्यांच्या व्रताला अपवाद होता, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. माणूस पुतळ्यासारखा वागत नाही.

१९५६ पासून ते पोर्तो रिकोला राहिले. त्यांच्या आईचा जन्म तिथला, कॅटलन आईबापांच्या पोटी. म्हणजे ती माउलीही आपल्या मुलांसारखीच, परक्या भूमीवर जन्मलेली. १९७१ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात एक कॅटलन लोकगीत चेलोवर वाजवले. निर्वासित झाल्यापासून मैफलींत ते गीत वाजवण्याचा त्यांचा परिपाठच होता. १९७३ साली ते वारले. फ्रँको मेला १९७५ साली. कासाल्स गावी परतले ते १९७९ साली, शवपेटीतून.

याला वनवास म्हणतात. आपण पदवी घेऊन, व्हिसा काढून, दोन सुटकेसचे वजन करून आलो. परतीचे तिकीट काढायला आपल्याला कोणाची बंदी नाही. घरची ओढ खोटी नाही. रात्री दोनला फोन वाजला की काळजात काय होते, ते आपण सर्व जाणतो. पण ते दुःख आपण निवडलेल्या वाटेवरचे आहे. शिवाय, इथे जन्मलेली आपली मुले हा शब्द ऐकतात. ज्या गावाला ती आपले गाव म्हणतात, त्याला आईबाप वन म्हणतात! मग त्यांनी आपले मराठी तरी आनंदाने का शिकावे?

कोणी म्हणेल, एका शब्दाचे एवढे काय? शब्द एकटा जात नाही. तो टाकला की त्याच्याबरोबर हळहळही कमी होईल आणि हातांना काम उरेल. कासाल्स यांच्याकडून दोन कामे घेण्यासारखी आहेत. एक, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाची सांगता एका मराठी गीताने व्हावी; ते वर्षभर तेच असावे आणि मुलांनी अर्थासकट नीट बसवलेले असावे. दोन, नव्याने येणाऱ्या कुटुंबांना पहिले तीन महिने घर, शाळा, डॉक्टर यांसाठी मदत करणारी एक तुकडी असावी. आपल्या शहरात येणारे निर्वासित मराठी नसले, तरी त्यांनाही या तुकडीची मदत व्हावी.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत आम्ही हे दोन्ही ठराव मांडणार आहोत. ज्यांना पटेल त्यांनी यावे. ज्यांना पटणार नाही त्यांनी तर जरूर यावे.