सोलापूरकराची आगबोट

समुद्रापासून इतक्या दूर, विजापूर रस्त्यालगतच्या जुळे सोलापुरात राहणाऱ्या माणसाने एका आगबोटीविषयी आग्रहाने लिहावे, याचे कारण असे की, ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबई बंदरातून लंडनकडे निघालेल्या आणि जिच्या स्मरणार्थ १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो त्या ‘लॉयल्टी’मागे १८८२ साली याच शहरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंदांची जिद्द उभी होती.

परंतु ती आगबोट जणू त्याच दिवशी जन्मास आली, अशा रीतीने आपण तिचे स्मरण करतो. वस्तुतः इंग्लंडातील बॅरोच्या गोदीत १८९० साली जलावतरण झालेली, सुमारे सहा हजार टनांची ही शुभ्रवर्णी आगबोट ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या चाकरीत रुजू झाली. लिव्हरपूलहून सुवेझमार्गे व्हँकुव्हरला जाणाऱ्या तिच्या पहिल्याच सफरीची तिकिटे पृथ्वीप्रदक्षिणेची म्हणून विकली गेली, आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ ती पॅसिफिक महासागरावर उतारू, टपाल आणि रेशीम वाहत राहिली. महायुद्ध पेटल्यावर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे सरकारांनी तिची खरेदी करून हिंदी सैनिकांसाठी तिचे तरते इस्पितळ केले, आणि ‘लॉयल्टी’ हे नाव तिला १९१५ साली मिळाले.

वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी घेतली ती ही उतारवयातील आगबोट. त्यांच्या जहाज कंपनीला नावही शिंद्यांचेच, ‘सिंदिया’, दिले. (त्यापूर्वी तुतिकोरिन–कोलंबो मार्गावर चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी आगबोटी चालविल्या होत्या, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.) ब्रिटिश जहाजउद्योगपती लॉर्ड इंचकेप यांच्या कंपन्यांची मक्तेदारी एवढी प्रबळ, की १९२३ साली सिंदियाला जहाजांच्या ताफ्यावर दहा वर्षांची मर्यादा घालणारा करार पत्करावा लागला, त्याच वर्षी ‘लॉयल्टी’ मुंबईत मोडीत निघाली.

एवढ्यावरून तो सौदा फसला असे मानणे मला अन्यायाचे वाटते. कारण ज्या कंपनीचा आरंभ या जुन्या आगबोटीने झाला, तिनेच विशाखापट्टणमला गोदी उभारली आणि १९४८ साली तेथूनच ‘जल-उषा’ पाण्यात उतरली. म्हणून वालचंदांचे नाव धारण करणाऱ्या सोलापुरातील प्रत्येक महाविद्यालयात ‘लॉयल्टी’ची प्रमाणबद्ध प्रतिकृती असावी, आणि तिच्याखालील पाटीवर १९१९ च्या जोडीला १८९०, १९१५ आणि १९२३ ही सालेही कोरलेली असावीत.