मध्ये काही नाही म्हणे!

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये प्रवासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. "अरे, बघायचं ते सगळं दोन किनाऱ्यांवर. मध्ये काही नाही, नुसता मका!" मुलगा एडिसनला, भाचा फ्रीमाँटला, आणि भारतातून आलेले आईबाबा सहा तासांच्या विमानाने इकडून तिकडे. खिडकीचा पडदा खाली, समोर हिंदी सिनेमा. खालून अख्खा खंड निघून जातो आणि कुणाला पत्ताही नसतो.

माझं मत याच्या बरोब्बर उलट आहे. इथे राहणाऱ्या प्रत्येकाने निदान एकदा तरी हा देश जमिनीवरून ओलांडावा. मी दोनदा ओलांडलाय, दोन्ही वेळा आय-८० ने. न्यू जर्सीतल्या टीनेकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत अकरा राज्यं, साधारण ४,६७० किलोमीटर. सावकाश गेलं तर दहा दिवस.

आता तो मका. आयोवात तो आहेच, मैलोन्‌मैल आहे. पण गंमत अशी की तो एका ठिकाणी विरळ व्हायला लागतो, आणि का होतो ते कळणं हीच खरी मजा. नेब्रास्कात कोझॅड नावाचं छोटं गाव आहे. तिथून शंभरावं रेखावृत्त जातं, गावात तशी पाटीसुद्धा आहे. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८ साली सरकारला अहवाल दिला होता. साधारण या रेषेच्या पश्चिमेला वर्षाला वीस इंचही पाऊस पडत नाही, तिथे नुसत्या पावसावर शेती करायला लोकांना पाठवू नका, असा त्याचा सांगावा. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. आपल्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. महाबळेश्वरहून वाईमार्गे फलटणकडे उतरताना हिरवं कसं पिवळं होत जातं ते आपण लहानपणापासून बघत आलोय. तिकडे दोन-तीन तासांत होतं ते इथे दोन दिवस चालतं, एवढंच. विमानातून ही रेघ दिसत नाही. गाडीतून दिसते.

पुढे वायोमिंग. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ पाच-षष्ठांश, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं ५ लाख ७७ हजार. नागपूर शहराच्या पाव भागाएवढीसुद्धा नाहीत! शायान आणि लॅरमीच्या मध्ये रस्ता ८,६४० फुटांवर चढतो, आय-८० वरची ही सगळ्यात उंच जागा. वारा असा की भलेमोठे ट्रक आडवे होतात. त्यापुढे एक विलक्षण खोरं लागतं. तिथे पडलेला पाऊस अटलांटिकलाही जात नाही आणि पॅसिफिकलाही नाही. तिथेच मुरतो नाहीतर उडून जातो. नेव्हाडात रस्त्याच्या सोबतीने वाहणारी हम्बोल्ट नदीही अशीच, समुद्र न बघताच वाळवंटात संपते. नदी म्हणजे सागराला मिळणार, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की हे बघून जरा गप्पच व्हायला होतं.

आणि हा रस्ता काही आपोआप झालेला नाही. १९१९ साली अमेरिकन लष्कराचा मोटारींचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, त्याला ६२ दिवस लागले. त्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ साली त्याने या हमरस्त्यांच्या कायद्यावर सही केली. त्याच्याही आधी, १० मे १८६९ ला, युटात पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली. सिएरा नेव्हाडाचे डोंगर फोडले ते मुख्यतः चिनी मजुरांनी. आणि तेरा वर्षांनी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांनाच देशात यायला बंदी करणारा कायदा झाला! आपला बोरघाटातला लोहमार्ग १८६३ चा. तो खोदताना मेलेल्या मजुरांची नावं आपल्याला तरी कुठे ठाऊक आहेत? डोनर पासजवळचे ते जुने बोगदे बघताना मला दोन्ही घाट एकदमच आठवतात. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाने तर ही जागा बघायलाच हवी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "आपल्या रंगाच्या माणसाने त्या भागात जावं का?" फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये एका भारतीय इंजिनिअरचा वर्णद्वेषातून खून झाला. ही भीती कुणी मनातून काढून टाकू शकत नाही, मीही नाही. पण त्याच रात्री मारेकऱ्याला अडवायला धावून जो गोळी लागून जखमी झाला, तो तिथेच बसलेला एक गोरा माणूस होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसरी लक्षात ठेवायची तर त्या माणसांना कधीतरी भेटावं लागतं. नेब्रास्कातल्या एका खानावळीत शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला पहिला प्रश्न विचारला तो हा, "तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे?" साताऱ्यातल्या माझ्या काकांचाही फोनवर पहिला प्रश्न हाच असतो.

आपल्यातल्या कितीतरी जणांनी इथलं नागरिकत्व घेतलंय, मतदान करतात. निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर लाल-निळा नकाशा बघून मधल्या माणसांबद्दल आपण छातीठोकपणे बोलतो. ज्या घरात आपण राहतो त्याचं माजघर एकदाही न बघता घराबद्दल मत द्यायचं, हे मला पटत नाही.

असो. व्यवहाराचं बोलायचं तर मे ते सप्टेंबर हाच काळ बरा, हिवाळ्यात वायोमिंगचा रस्ता बर्फाने वरचेवर बंद होतो. शाकाहारी मंडळींनी राइस कुकर आणि मेतकूट बरोबर घ्यावं, मात्र मोटेलच्या खोलीत फोडणी करू नये, स्मोक अलार्म वाजतो. मोटेलचा मालक बऱ्याचदा गुजराती निघतो, तेव्हा चहाची सोय बहुतेक होतेच. एवढं ड्रायव्हिंग झेपत नसेल तर शिकागोहून कॅलिफोर्निया झेफिर ही रेल्वे आहे, पन्नासहून जास्त तास, दोन रात्री, काचेच्या मोठ्या खिडक्यांचा डबा. पुढच्या उन्हाळ्यात आईबाबा येणार असतील तर एका बाजूचं विमानाचं तिकीट काढूच नका. बाबांना पुढच्या सीटवर बसवा, पाय लांब करता येतात, आणि पाऊसपाण्याची चौकशी करायला त्यांच्यासारखा माणूस नाही.