चोचीतील घास

वैशाख संपत आला की आमच्या दफ्तरात येणाऱ्या छायाचित्रांत एकाच विषयाची दाटी होते : चोचीत घास धरलेला पाणपक्षी आणि त्याच्यापुढे तोंड वासलेले पिलू. औराद, भालकी, उदगीर या सरहद्दीच्या मुलुखातील आमचे सभासदही आता मांजरेच्या पात्राकडे आणि कारंजा जलाशयाच्या उतरत्या पाण्याकडे कॅमेरे घेऊन वळू लागले आहेत. त्यांच्या उत्साहाला बांध घालण्याचा आमचा हेतू नाही, परंतु या हव्यासाच्या मुळाशी जो एक गैरसमज आहे तो वेळीच दूर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गैरसमज असा, की काठावरचा प्रत्येक पक्षी आपल्या पिलांना भरवितो. वस्तुतः टिटवी, माळटिटवी, कंठेरी चिखल्या, शेकाट्या यांची पिले अंड्यातून बाहेर पडून अंग वाळते न वाळते तोच चालू लागतात आणि आपला किडा आपणच टिपतात. आईबाप त्यांना वाट दाखवितात, उन्हात पंखाखाली घेतात, कुत्रा दिसताच पंख मोडल्याचे सोंग करून त्याला भलतीकडे नेतात. घास मात्र भरवीत नाहीत. तेव्हा टिटवीच्या घरट्यापाशी त्या क्षणासाठी ठाण मांडणे म्हणजे जे घडावयाचेच नाही त्याची वाट पाहणे होय, आणि तोवर ती बिचारी डोक्यावर घिरट्या घालीत आक्रोश करते, त्यालाच आपण उड्डाणाचे उत्तम छायाचित्र समजतो. टिटवीची अंडी उंचवट्यावर की सखलात, यावरून पावसाचा अदमास बांधणारा आपला शेतकरी निदान अंडी लांबून पाहतो.

खरोखर भरविणारे आहेत ते नदी सुरय व आर्ली. करवानक पहिल्या काही दिवसांपुरता, आणि पाणलाव्यात तर मादी अंडी घालून निघून गेल्यावर एकटा नर. यांतील नदी सुरय हा जागतिक लाल यादीत असुरक्षित ठरलेला पक्षी उघड्या वाळूवर किंवा जलाशयातील बेटावर अंडी घालतो. भद्रा जलाशयात उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या बेटावर त्यांची प्रचंड वसाहत भरते आणि तिच्याभोवती होड्या फिरतात, हे दृश्य आमच्या अनेक वाचकांनी पाहिले असेल. घरट्यावर बसलेला पक्षी अंडी उबविण्यासाठीच बसलेला असतो असे नव्हे. भर दुपारी तो त्यांच्यावर सावली धरून उभा असतो. त्याला उठविले की तापल्या वाळूवर अंड्यातील जीव थोड्याच वेळात दगावतो, आणि कावळ्याला तर तेवढीही सवड लागत नाही.

हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सालिम अली यांनी 1931-32 साली केली तेव्हा बीदर निजामाच्या अंमलाखाली होते आणि अभ्यासकाच्या हाती बंदूक असे. ती बंदूक गेली. पण कॅमेरा निरुपद्रवी असतो ही समजूत आम्ही फार सहज करून घेतली. 1956 च्या पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन राज्यांत वाटे झाले, तरी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तिन्हीकडे एकच आहे, आणि वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे यालाही तो शिकारच म्हणतो. (कायद्याची परिभाषा क्वचितच इतकी अचूक असते.)

यास्तव पुढील अंकापासून घरट्यावरील छायाचित्राबरोबर अंतर, भिंग, आडोशाचा प्रकार आणि पक्षी अंड्यांवर केव्हा परतला याचा साधा दाखला आम्ही मागू. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतील छायाचित्र स्वीकारले जाणार नाही. वेळेबद्दल कोणी काही लिहिले तरी सावली खोटे बोलत नाही. वसाहतीच्या गावाचे नाव छापले जाणार नाही. आडोसा एकदम जवळ न रोवता थोडाथोडा पुढे सरकवीत न्यावा, ही जुन्या छायाचित्रकारांची रीत आजही सोडण्याजोगी नाही.

आणि टिटवीच्याच मागे लागावयाचे असेल, तर ती तापलेल्या दुपारी डबक्यात बसून पोटाची पिसे भिजविते व त्या ओलाव्याने अंडी-पिले निववते, तो प्रसंग डबक्याच्या बाजूने, घरट्यापासून दूर राहून टिपता येतो. दहा ते चारचा निर्बंध त्याला लागू नाही. भिजल्या पोटाच्या टिटवीचे एकही चांगले छायाचित्र आमच्याकडे अद्याप आलेले नाही. त्यासाठी मुखपृष्ठ राखून ठेवण्याची आमची तयारी आहे.